दारू सोडवायची मीटिंग कुठे भरते तेही छापा की

संपादक साहेब, नमस्कार,

छोट्या जाहिरातींच्या पानावर दारू सोडवायच्या पावडरीची जाहिरात तुमच्याकडे वर्षानुवर्षं येतेय, पेशंटला कळू न देता भाजीतून द्या, महिन्याभरात बाटलीकडे बघणार पण नाही अशा टाइपची, आणि त्याच पेपरात माझ्या ताईने दारू सोडणाऱ्या लोकांची मीटिंग आपल्या भागात कुठे भरते हे शोधलं तर एक ओळ सापडली नाही. तुमच्या एकट्याच्या पेपरात नाही, सगळ्याच पेपरात हेच आहे, पण आमच्याकडे तुमचाच येतो म्हणून पत्र तुम्हाला. पत्र मोठं होणार आहे, पाहिजे तेवढं कापा, फक्त खाली एक हेल्पलाइनचा नंबर दिलाय तो कापू नका.

दाजींची परवानगी घेऊनच लिहितोय. दाजींचं गॅरेज आहे तालुक्याच्या गावी, हात सोन्याचा, बुलेटचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगणार, पण मागची काही वर्षं दुपारनंतर गिऱ्हाईक यायचं बंद झालं होतं कारण दुपारनंतर दाजी शुद्धीत नसायचे. घरात काय काय झालं ते लिहीत बसत नाही, ज्यांच्या घरात आहे त्यांना माहितीये आणि ज्यांच्या घरात नाही त्यांना वाचून पण कळत नाही. तर एकदा दाजी स्वतःच ताईला म्हणाले की मला सोडायचीय, कुठं जायचं ते बघ. आता बघा, पिणारा माणूस स्वतःहून असं म्हणतो तो काळ फार थोडा असतो, दोन दिवस, कधी कधी संध्याकाळपर्यंतच, आणि नेमकं त्याच वेळी घरच्यांना पत्ता सापडत नाही. माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच आहे.

आम्ही काय केलं, तर सगळे करतात तेच, मोबाईलवर व्यसनमुक्ती टाकून सर्च केलं. पहिल्या पानभर सगळी भरती करून घेणारी केंद्रं. त्यातल्या एका ठिकाणी फोन लावला तर पेशंट किती वर्षं पितो, बाकी काही आजार आहे का, यातलं एक अक्षर विचारलं नाही, डायरेक्ट अॅडव्हान्स किती भरताय, आणि पेशंट येत नसेल तर गाडी आणि चार पोरं पाठवतो, उचलून आणतो. ताईने फोन ठेवला. (२०१७ चा जो मानसिक आरोग्य कायदा आहे त्यात दारूच्या व्यसनातून होणारे मानसिक त्रास पण येतात, म्हणजे पिणाऱ्या माणसाला पण पेशंट म्हणून हक्क आहेत, असं कुणी पण घरात घुसून उचलून नेऊ शकत नाही. हे किती लोकांना माहिती असेल?) सगळी केंद्रं तशी नाहीत हे पण लिहिलं पाहिजे. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण आहे, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं, पु.ल. आणि सुनीताबाईंनी त्याला मदत केली होती हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली परिवर्तन आहे. पण भरती होणं म्हणजे महिना-सव्वा महिना गॅरेज बंद, आणि दाजी त्याला तयार नव्हते, आणि खरं सांगायचं तर केंद्रातून बाहेर आल्यावर पण माणसाला आठवड्याला कुठेतरी जाऊन बसायला लागतंच, नाहीतर चौकातला बार आहेच वाट बघत.

तर ते बसायचं ठिकाण म्हणजे या मीटिंगा. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, लोक नुसतं एए म्हणतात. आपल्याकडे १९५७ च्या सुमाराला मुंबई-दिल्लीकडे सुरू झालं आणि आता राज्यात बऱ्याच शहरांत ग्रुप आहेत. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही, भरती नाही, औषध नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. बाहेरच्या कुणाकडून देणगी घेत नाहीत, आपापसात पिशवी फिरवतात त्यात ज्याला जमेल तसं टाकायचं, आणि नवीन माणसाला तर म्हणतात तू राहू दे. इतकी साधी गोष्ट आहे, पण सापडायला अवघड का, तर त्याचं कारण यांच्याच नियमात आहे. हे लोक स्वतःची जाहिरात करत नाहीत, मोठा बोर्ड लावत नाहीत, कुणाचं पूर्ण नाव बाहेर सांगत नाहीत. आणि ते बरोबरच आहे, तालुक्याच्या गावात नाव बाहेर गेलं तर पोरीचं लग्न जमायला अडचण येते, आपण काय अमेरिकेत राहत नाही. पण मग जाहिरात न करणाऱ्या लोकांचा पत्ता गरजूला सांगायचा कुणी? माझ्या मते पेपरने. त्यासाठीच पेपर असतो ना.

मोबाईलच्या नकाशावर जो पत्ता दाखवला तिथे आम्ही गेलो तर तिथे आता मोबाईलचं दुकान. शेजारच्या पानवाल्याला विचारलं तर तो म्हणाला ते दारूचं औषध देणारे का, ते गेले केव्हाच. ताई त्या टपरीसमोर उभी, दाजी मागे बाईकवर तोंड फिरवून, आणि पानवाला मोठ्याने विचारतोय कुणाला सोडवायचीय म्हणून. असं झाल्यावर दुसऱ्यांदा कोण शोधायला निघेल? दाजी तर नाहीच निघाले, सरळ बारमध्ये गेले. मग हेल्पलाइन लावली. केंद्र सरकारची नशामुक्तीची टोल फ्री हेल्पलाइन आहे, १४४४६, हा तो नंबर, कृपया ठळक छापा. तिथून दिशा मिळाली, आणि शेवटी खरा पत्ता दिला तो सरकारी दवाखान्यातल्या एका कंपाउंडरने, हळूच, चिठ्ठीवर लिहून, कारण तो स्वतः तिथे जातो.

मीटिंग भरत होती एका प्राथमिक शाळेत. बाहेर काही लिहिलेलं नाही, पण वर्गाबाहेर मोठ्या माणसांच्या चपलांची रांग बघितली तेव्हा कळलं की हेच. आत पहिली-दुसरीच्या पोरांचे बाक, त्यावर हे बाप्ये गुडघे पोटाशी घेऊन बसलेले, मागे भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता, टेबलवर चहाचा थर्मास आणि पार्ले-जी. त्या दिवशी ओपन मीटिंग होती म्हणून ताईला आणि मला बसू दिलं. ओपन म्हणजे घरचे, डॉक्टर, कुणी पण येऊ शकतं, क्लोज म्हणजे फक्त ज्यांना स्वतःला दारूचा प्रॉब्लेम आहे ते. हा फरक आधी कुणी सांगत नाही, आणि मग बायको एवढ्या लांबून नवऱ्याला घेऊन येते आणि तिला बाहेर व्हरांड्यात बसायला लागतं, म्हणून तुम्ही यादी छापाल तेव्हा ओपन का क्लोज ते लिहायला विसरू नका.

एकेक जण उठतो, मी अमुक, अल्कोहोलिक, एवढंच, आडनाव नाही, गाव नाही, आणि मग आपलं सांगतो, याला ते शेअरिंग म्हणतात. मधे कुणी बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. एक रिटायर्ड कंडक्टर होते, ते म्हणाले मी तिकिटाचे पैसे मोजताना हात थरथरायचे म्हणून ड्यूटीच्या आधी एक क्वार्टर मारायचो, आणि सगळ्या डेपोला माहिती होतं आणि मला वाटायचं कुणालाच माहिती नाही. यावर सगळे हसले, दाजी पण हसले. मी दाजींना दारू न पिता असं हसताना बऱ्याच वर्षांनी बघितलं. आम्ही घरच्यांनी इतकी वर्षं जे शपथा घालून, देवळात नेऊन, माळ घालून, भांडून सांगितलं, ते त्यांनी आमचं कधी ऐकलं नाही आणि त्या कंडक्टरचं ऐकलं कारण तो पण त्यातलाच. कुणी त्यांना आयुष्यभर सोड म्हटलं नाही. आज घ्यायची नाही, उद्याचं उद्या बघू, एवढंच.

आता नुसत्या गप्पा मारून दारू सुटते का, असं आमच्या गावातल्या शिकलेल्या लोकांनी पण विचारलं. तर ते काय भोंदूगिरी नाही. २०२० साली कोक्रेन म्हणून जी संस्था वैद्यकीय अभ्यास तपासते तिने यावरचे २७ अभ्यास, साडेदहा हजारावर लोक, असं सगळं एकत्र करून बघितलं, तर एएला जोडून देणारी पद्धत दारू पूर्ण बंद ठेवायच्या बाबतीत बाकीच्या मान्य उपचारांच्या बरोबरीची, काही ठिकाणी त्यांच्यापेक्षा सरस निघाली. सगळ्यांना लागू पडते असं नाही. त्यात देवाचं नाव येतं ते काहींना रुचत नाही, आपला देव आपल्या समजुतीप्रमाणे असं ते म्हणतात पण तरी नाही रुचत, त्यांनी मुक्तांगणचे किंवा परिवर्तनचे कार्यक्रम बघावेत किंवा सरळ मानसोपचार डॉक्टर गाठावा. आणि बायकांचं तर विचारूच नका, पिणाऱ्या बायका पण आहेत, पण पुरुषांनी भरलेल्या त्या वर्गात एकटी बाई कशी जाऊन बसणार, तिला तर ऑनलाइन मीटिंगच बरी पडेल. कोरोनात झूमवर मीटिंगा सुरू झाल्या त्या बऱ्याच चालू आहेत, व्हिडिओ बंद ठेवून नुसतं ऐकलं तरी चालतं.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी आम्हाला बजावून सांगितली ती इथे लिहितो कारण जीवाशी गाठ आहे. रोज सकाळपासून पिणारा माणूस मीटिंगच्या जोशात एकदम बंद करायला गेला तर अंगाला कापरं भरतं, घाम फुटतो, फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी भास व्हायला लागतात, भिंतीवर किडे दिसतात, कुणीतरी मारायला आलंय असं वाटतं. आपल्याकडे याला बाहेरचं लागलं म्हणून देवऋषाकडे नेतात आणि त्यात माणूस दगावतो. म्हणून आधी डॉक्टर, लागलं तर काही दिवस दवाखान्यात, आणि त्याच्या जोडीने मीटिंग. दाजींना पण सुरुवातीला डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, मीटिंगवाल्यांनी त्याला अजिबात नाही म्हटलं नाही, उलट गोळ्या नीट घेताय का म्हणून विचारत होते.

आणि आता त्या पावडरीबद्दल. त्यात काय असतं ते पाकिटावर धड लिहिलेलं पण नसतं. दारूवर चालणारी एक खरी गोळी आहे, डायसल्फिराम, ती घेऊन वर दारू प्यायली तर तोंड लालभडक होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी खाली येतं, आणि कमजोर हृदयाचा माणूस मरू पण शकतो. म्हणून डॉक्टर ती पेशंटला सगळं समजावून, त्याच्या मर्जीनेच देतात. नकळत देणं म्हणजे विषाशी खेळ आहे. आणि समजा त्या पावडरीत असलं काहीच नसेल, नुसतं चूर्ण असेल, तर ताईसारख्या बाईचे शिलाईचे पैसे गेले आणि नवऱ्याचा विश्वास गेला तो वेगळा, कारण एकदा कळलं की जेवणात काहीतरी मिसळतात की तो घरात जेवायचंच बंद करतो. आमच्याकडे झालंय हे, म्हणून लिहितोय.

२०१९ साली दिल्लीच्या एम्सचा सर्वे आला होता, सरकारनेच करून घेतलेला. देशात सोळा कोटीच्या आसपास लोक दारू पितात आणि त्यातल्या साधारण पावणेसहा कोटींना मदतीची गरज आहे, म्हणजे कुठल्या ना कुठल्या प्रकारे दारूने त्यांचं नुकसान चाललंय. आणि ज्यांना पूर्ण व्यसन जडलंय अशा ३८ जणांमागे एकाला कसली तरी ट्रीटमेंट मिळते. बाकीचे ३७ कुठे आहेत? आमच्या चौकात आहेत, गावोगावच्या फाट्यावर आहेत. आमच्या शेजारच्या एका गावात बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, तुमच्या पेपरात फोटो पण आला होता, चांगलंच झालं, पण पिणारे दोन किलोमीटर पुढे फाट्यावर जातात आणि रात्री पडत धडपडत परत येतात. दुकान बंद करायला चळवळ आहे, पिणाऱ्याला बसायला एक वर्ग नाही. गांधी जयंतीला शाळेच्या पोरांची व्यसनमुक्ती रॅली असते, थर्टी फर्स्टला द दारूचा नाही द दुधाचा म्हणून दूध वाटतात, मला ते पण आवडतं, मी स्वतः वाटलंय. पण त्या रॅलीच्या बातमीखाली दोन ओळी मीटिंगच्या पत्त्याच्या टाकायला काय हरकत होती? पोरांच्या घोषणा ऐकून एखाद्या बापाला वाटलंच की सोडावी, तर त्याने त्या संध्याकाळी जायचं कुठे?

पेपरने यात काय फरक पडतो असं कुणी म्हणेल म्हणून सांगतो. ही सगळी चळवळ सुरू झाली तीच एका पत्त्याच्या यादीवरून. १९३५ साली बिल नावाचा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, धंद्याच्या कामाला अॅक्रन गावी गेला, काम फिसकटलं, हॉटेलच्या लॉबीत उभा, एका बाजूला बारमधला हसण्या-खिदळण्याचा आवाज आणि दुसऱ्या बाजूला भिंतीवर गावातल्या चर्चची यादी. तो बारमध्ये न जाता त्या यादीवरून फोन लावत सुटला की मला माझ्यासारखा एखादा दारुडा भेटवा, त्याच्याशी बोललो तर मी वाचेन. त्यातून त्याला डॉ. बॉब भेटले, ते सर्जन आणि ते पण तसलेच, आणि १० जून १९३५ ला डॉ. बॉबनी शेवटचा प्याला घेतला तो दिवस हे लोक एएचा जन्मदिवस मानतात. ती यादी भिंतीवर नसती तर बिल बारमध्येच गेला असता असं मला वाटतं. पुढे १९३९ मध्ये क्लीव्हलँडच्या प्लेन डीलर या पेपरने लेखमाला छापली तर तिथला मूठभर लोकांचा ग्रुप काही महिन्यांत शेकड्यांवर गेला, आणि १९४१ साली सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट या साप्ताहिकात एक मोठा लेख आला तेव्हा सगळे मिळून दोनेक हजार सभासद होते ते वर्ष संपेपर्यंत आठ हजार झाले. म्हणजे यांनी जाहिरात केली नाही, पण पेपरवाल्यांनी पत्ता लोकांपर्यंत नेला.

तुम्हाला लेखमाला लिहा म्हणत नाही. लोकल पानावर आजचे कार्यक्रम म्हणून कॉलम असतो त्यात कीर्तन, वधू-वर मेळावा, मोफत डोळे तपासणी सगळं येतं, रक्तपेढी आणि अॅम्ब्युलन्सचे नंबर रोज येतात, तिथेच आठवड्यातून एकदा मीटिंगचा वार, वेळ, ठिकाण, ओपन का क्लोज, मराठी का हिंदी, एवढं टाका. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉन म्हणून वेगळ्या मीटिंगा असतात, मुक्तांगणचा बायकांसाठी सहचरी गट आहे, ते पण टाका, कारण ताईला दाजींपेक्षा जास्त गरज होती आणि तिला ते फार उशिरा कळलं. जागा बदलतात, शाळेला सुट्टी लागली की मीटिंग दुसरीकडे जाते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी तुमच्या वार्ताहराने एक फोन करून खात्री करावी, नाहीतर आमच्यासारखं कुणीतरी मोबाईलच्या दुकानासमोर उभं राहायचं. आणि शेवटची गाडी किती वाजता आहे ते पण लिहिता आलं तर बघा, हसू नका, मीटिंग सुटते रात्री साडेआठला आणि आमच्याकडची शेवटची एसटी आठला जाते, या एका कारणाने खेड्यातली किती माणसं एकदा येऊन परत आली नाहीत ते तिथले जुने लोक सांगतात. आता दोघं-तिघं दाजींच्या बाईकवर आणि एका टेम्पोत बसून येतात, पण ते ओळख झाल्यावर.

त्या पावडरीच्या जाहिरातीचे तुम्हाला पैसे मिळतात हे मला कळतं, पेपर काही हवेवर चालत नाही. ती बंद करा असं माझं मत आहे, करणार नसाल तर निदान तिच्या शेजारच्या चौकटीत १४४४६ टाका.

दाजींचं विचाराल तर मधे एकदा स्लिप झाली, म्हणजे परत प्यायले, चार दिवस घरी आले नाहीत, मग तोच कंडक्टर आणि कंपाउंडर गॅरेजवर जाऊन बसले, आणि दाजी परत मीटिंगला यायला लागले. दुपारनंतर गॅरेज उघडं असतं. आमच्या तालुक्यातच एक ग्रुप सुरू करायचं चाललंय, एका शाळेच्या हेडमास्तरांनी वर्ग द्यायला होकार दिलाय, वार आणि वेळ ठरली की मी तुमच्या ऑफिसला कळवतो. फोन नंबर छापायच्या आधी मात्र ग्रुपच्या लोकांना विचारून घ्या, ते हो म्हणाले तरच छापा.

आपला,
एक वाचक, सातारा जिल्हा
(नाव-पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये.)